निगमीकरण (सार्वजनिक क्षेत्र)

निगमीकरण : सरकारी खात्यामार्फत चालविला जाणारा उद्योग किंवा सेवा खात्यापासून वेगळी काढून, कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या अथवा खास अधिनियमाने स्थापलेल्या निगमाकडे सोपविण्याची प्रक्रिया. मालकी बहुधा शासनाकडेच राहत असल्याने खासगीकरणाहून ही प्रक्रिया भिन्न मानली जाते. मात्र निगमाचे भाग (शेअर) पुढे बाजारात विकता येतात, या कारणास्तव कामगार संघटनांनी या दोहोंत फारसा भेद केलेला नाही. नाशिकरोडची मुद्रणालये, ओझरचा विमान कारखाना, एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्र आणि नाशिकची शहर बससेवा ही या प्रक्रियेची निरनिराळी रूपे एकाच परिसरात आढळत असल्याने तिच्या अभ्यासास नाशिक सोयीचे आहे.

उगम : भारतातील निगमीकरणाच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एका मतानुसार ते १९९१ नंतरच्या आर्थिक सुधारणांचे फलित होय. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने सार्वजनिक उद्योगांसाठी राखून ठेवलेली क्षेत्रे कमी केली व निर्गुंतवणुकीस (शासनाकडील भागांच्या विक्रीस) वाट करून दिली. त्याच वर्षी ब्रिटिश अभ्यासक क्रिस्टोफर हूड यांनी ‘नवे लोकव्यवस्थापन’ या नावाखाली मोजता येणारी उद्दिष्टे, स्पर्धा आणि खासगी उद्योगातील व्यवस्थापन-रीती सरकारी कारभारात आणण्याच्या प्रवृत्तीचे विवेचन केले. न्यूझीलंडचा १९८६ चा सरकारी उद्योगविषयक अधिनियम हा या पक्षाचा नेहमीचा दाखला असतो. दुसऱ्या मतानुसार ही कल्पना भारतीय प्रशासनात त्याआधी चार दशके रुजलेली होती : दामोदर खोरे निगम १९४८ मध्ये अधिनियमाने स्थापन झाला, माजी सनदी अधिकारी ए. डी. गोरवाला यांनी १९५१ च्या अहवालात सरकारी उद्योगांच्या कार्यक्षम संचालनाचा विचार केला. सार्वजनिक उद्योगांविषयीच्या अर्जुन सेनगुप्ता समितीच्या शिफारशींनंतर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंत्रालये व उद्योग यांच्यात सामंजस्य करारांची पद्धत आली.

यांपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते; तथापि त्यातही एक भेद दुर्लक्षिला जातो. आरंभीच्या चार दशकांत बहुतेक उद्योग जन्मतःच निगम किंवा कंपनी होते, तर १९९१ नंतर चालती खाती निगमांत रूपांतरित होऊ लागली. दूरसंचार खात्याच्या सेवांतून १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम अस्तित्वात आला आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाच्या ४१ कारखान्यांची सात कंपन्यांत वाटणी झाली. नवा निगम नोकरभरती आपल्या नियमांनी करतो. रूपांतरित निगमाच्या पदरी मात्र आधीपासूनचे सरकारी नोकर येतात. प्रक्रियेतील बहुतेक कायदेशीर गुंतागुंत येथूनच सुरू होते.

सेवाशर्ती : संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे (चौकशीविना बडतर्फ न होण्याचे) संरक्षण शासनाच्या नागरी पदधारकांना मिळते, निगमाच्या कर्मचाऱ्यांना नाही. त्यामुळे रूपांतरानंतर कर्मचाऱ्यांना प्रथम मानीव प्रतिनियुक्तीवर (सरकारी नोकर राहूनच निगमाकडे उसने दिल्याप्रमाणे) ठेवले जाते आणि मग निगमात सामावून घेण्याबाबत त्यांचा विकल्प मागविला जातो. केंद्रीय निवृत्तिवेतन नियमांत २००० साली घातलेल्या ३७-अ या नियमाने सामावून घेतलेल्यांचे सरकारी निवृत्तिवेतन सुरक्षित केले. याउलट निगमाने थेट भरलेल्यांना ते लागू होत नाही.

नाशिकरोडची मुद्रणालये : टपाल तिकिटे व मुद्रांक छापणाऱ्या भारत प्रतिभूती मुद्रणालयाच्या (इंडिया सिक्युरिटी प्रेस) स्थापनेचे वर्ष काही ठिकाणी १९२४, तर काही ठिकाणी १९२५ असे दिले जाते, उभारणी व प्रत्यक्ष छपाई यांतील अंतरामुळे हा फरक पडला असावा. तोवर भारताची टपाल तिकिटे लंडनच्या डी ला रू या कंपनीकडून छापून येत. चलनी नोटांची छपाई वेगळ्या मुद्रणालयात १९२८ मध्ये सुरू झाली. नाशिककर या दोहोंना मिळून नुसते ‘प्रेस’ म्हणतात आणि प्रेसमधील नोकरी ही शहरात अनेक वर्षे सरकारी नोकरीचा मानदंड होती. १३ जानेवारी २००६ रोजी भारत प्रतिभूती मुद्रण व मुद्रा निर्माण निगमाची नोंदणी झाली आणि वित्त मंत्रालयाच्या थेट अखत्यारीतील नऊ घटक, म्हणजे चार मुद्रणालये, चार टांकसाळी व नर्मदापुरमची (तेव्हाचे होशंगाबाद) कागद गिरणी, त्याच्याकडे गेले.

या रूपांतराची कारणे केवळ वैचारिक नव्हती. रिझर्व्ह बँकेने १९९५ मध्ये आपली उपकंपनी स्थापून म्हैसूर व सालबोनी येथे नवी नोट मुद्रणालये उभारली होती, त्यामुळे नाशिकची नोट प्रेस आता अपरिहार्य राहिली नव्हती. दुसरीकडे, २००० च्या दशकारंभी बनावट मुद्रांकांचा घोटाळा उघडकीस आल्यावर राज्ये इलेक्ट्रॉनिक मुद्रांकाकडे वळली, टपालाचा वापरही घटला आणि प्रतिभूती मुद्रणालयाच्या जुन्या कामाचा पाया आक्रसत गेला. त्याची जागा काही अंशी पारपत्रांनी (पासपोर्ट), अलीकडे चिप बसविलेल्या ई-पारपत्रांनी, घेतली. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर मात्र याच कामगारांनी सुट्ट्या न घेता जादा पाळ्यांत नोटा छापल्या, ही गोष्ट मनुष्यबळ कपातीच्या चर्चेत सहसा विसरली जाते. आज एकाच प्रवेशद्वारातून खात्याच्या काळातील कामगार, निगमाने थेट भरलेला कामगार आणि कंत्राटी कामगार आत जातात. तिघांच्या नोकरीची हमी व निवृत्तीनंतरची तरतूद सारखी नाही.

ओझर : येथील कारखाना १९६४ च्या सुमारास मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी उभारला गेला, म्हणून गावाच्या त्या भागास आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. कारखाना चालविणारी हिंदुस्थान एरोनॉटिक्स मुळातच कंपनी असल्याने तेथे रूपांतराचा प्रश्न उद्भवला नाही. तेथील बदल भागविक्रीतून आला. कंपनीचे भाग मार्च २०१८ मध्ये बाजारात आले व आता शासनाचा हिस्सा सुमारे ७२ टक्के आहे. वेतनवाढ कंपनीच्या ऐपतीशी जोडण्याचे केंद्रीय धोरण आणि अधिकारी व कामगार यांच्या वाढीतील तफावत यांवरून ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीच्या विविध केंद्रांत, ओझरसह, बेमुदत संप झाला. येथील रोजगार मागणीपत्रांवर हेलकावतो. सुखोई-३० या लढाऊ विमानांची मूळ मागणी पूर्ण होत आली तेव्हा कामाअभावी चिंता होती. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा करार झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाच्या निर्मितीची तिसरी साखळी येथे सुरू झाली.

वीज : २००३ च्या विद्युत अधिनियमानंतर राज्य विद्युत मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन झाले व एकलहरे केंद्र महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीकडे गेले. तेथील जुने संच बंद झाले आहेत.

परिवहन व महापालिका : एसटीच्या बाबतीत मागणीची दिशा उलटी दिसते. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील संपात कर्मचाऱ्यांनी महामंडळ राज्य शासनात विलीन करण्याचीच मागणी केली. याच सुमारास, ८ जुलै २०२१ पासून, एसटीकडून चालविली जाणारी नाशिक शहर बससेवा महापालिकेच्या परिवहन महामंडळाने ‘सिटीलिंक’ नावाने हाती घेतली. हे महामंडळ कंपनी असले तरी बस व चालक पुरवठादारांचे असतात व त्यांना धावलेल्या किलोमीटरमागे मोबदला मिळतो. वाहक वेगळ्या ठेकेदाराकडून येतात. तिकिटाचे पैसे महामंडळाकडे जमा होतात. एकाच बसमध्ये चालक व वाहक यांचे मालक वेगळे असण्याची ही रचना व्यवस्थापनाच्या दृष्टीने खर्च आटोक्यात ठेवणारी असली, तरी वाहकांनी थकीत वेतनासाठी वेळोवेळी काम बंद ठेवल्यावर तिचा कमकुवत सांधा उघडा पडला आहे.

ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या अशा कंत्राटी कामगारांना कायम नोकरीचा हक्क आपोआप मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या स्टील ॲथॉरिटी खटल्यात ठरविले. कंत्राट केवळ देखावा असल्यास मात्र औद्योगिक न्यायाधिकरण त्यांना मुख्य मालकाचे (ज्याच्यासाठी काम होते त्या संस्थेचे) कामगार ठरवू शकते. २००६ च्या उमादेवी निकालाने नियमबाह्य नेमणुका नियमित करण्यावर बंधने घातली. वेतनापुरते संरक्षण तुलनेने स्पष्ट आहे : ठेकेदाराने वेतन न दिल्यास ते देण्याची जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने मुख्य मालकावर टाकली होती व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या श्रमसंहितांतही ती कायम आहे.