तांबड्या रश्श्यातला रेणू आणि संगणकाचा अंदाज

‘अमुक काढ्यातल्या घटकाने विषाणू नष्ट होतो, संगणकाने सिद्ध केलं!’ करोनाच्या काळात असे मेसेज फोनवर धडाधड येत होते. आता रोग बदलले, वनस्पती बदलल्या, पण मेसेज थांबलेले नाहीत. ‘संगणकाने’ म्हटलं की शिकलेली माणसंही शंका काढत नाहीत. काढायला हवी. त्यासाठी संगणक नेमकं काय सांगतो ते एका रेणूवरून पाहू. कोल्हापूरकराला मिरचीतल्या कॅप्सायसिनपेक्षा जवळचा रेणू कुठला असणार?

चटणीच्या दिवसांत कांडप गिरणीसमोरून नुसतं गेलं तरी ठसका लागतो, तो याच रेणूमुळे. तेलात तो सहज विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून तांबड्या रश्श्याची तर्री जास्त झोंबते आणि वर तांब्याभर पाणी प्यायलं तरी जाळ शमत नाही.

हा जाळ खरा नसतो. आपल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर ते उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप जातो. कॅप्सायसिन हेच दार गरम नसतानाही उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता.

प्रथिन हाती येण्याच्या कितीतरी आधी रसायनशास्त्रज्ञांनी कॅप्सायसिन प्रयोगशाळेत बनवलं होतं, १९३० मध्ये. व्हॅनिलिलअमाइन आणि लांब साखळीचं आम्ल क्लोराइड यांची अभिक्रिया केली की मधे अमाइड बंध तयार होतो. पुढे त्यांनी रेणूचे तीन भाग कल्पिले: कडं असलेलं डोकं, अमाइडची मान आणि कार्बनची शेपटी. मग एकेका वेळी एकच भाग बदलून नवे रेणू बनवले. शेपटीतला दुहेरी बंध काढला तरी तिखटपणा टिकतो. डोक्यावरचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) झाकला की तिखटपणा बहुतांशी जातो. म्हणजे तो हायड्रॉक्सिल कशाला तरी धरतो. पण कशाला?

२०१३ मध्ये या प्रथिनाचं त्रिमितीय चित्र मिळालं. कॅप्सायसिनची जागा दिसली, पण त्याचं डोकं वर आहे की खाली, हे कळत नव्हतं. इथे डॉकिंग, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल याचा संगणकी हिशोब, कामाला आलं. प्रोग्राम रेणूला प्रथिनाच्या खाचेत हजारो प्रकारे ठेवून पाहतो. तो त्याला फिरवतो, एकेरी बंधांभोवती वळवतो आणि प्रत्येक स्थितीत हायड्रोजन बंध, विद्युतभार आणि जवळ आलेल्या अणूंमधलं क्षीण आकर्षण यांची बेरीज करतो. ही बेरीज म्हणजे त्या स्थितीची ऊर्जा, तिलाच ‘गुण’ म्हणतात. ऊर्जा जितकी कमी, तितकी ती स्थिती संभाव्य. २०१५ च्या संशोधनात उत्तर आलं: शेपटी वर, डोकं खाली. डोक्याचा हायड्रॉक्सिल प्रथिनातल्या ग्लुटामेट या अमिनो आम्लाला धरतो, मान थ्रिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लाला. मग प्रथिनातली नेमकी हीच अमिनो आम्लं बदलून आणि रेणूची बदललेली रूपं वापरून हा अंदाज तपासला गेला. सशाच्या प्रथिनात त्या थ्रिओनिनच्या जागी आयसोल्युसिन असतं, आणि सशावर कॅप्सायसिनचा परिणाम फारच कमी होतो. पक्ष्यांचं हे प्रथिन तर त्याला दादच देत नाही, म्हणून पोपट मिरची मजेत खातो. मला या साऱ्यातला हा जुळून येण्याचा क्षण सर्वांत आवडतो.

तरीही हे गुण म्हणजे अंदाजच. बंधऊर्जेत प्रति मोल १.४ किलोकॅलरीची चूक झाली की रेणू किती घट्ट बसेल याचं गणित दहा पटींनी चुकतं, आणि डॉकिंगमध्ये दोन-तीन किलोकॅलरींची चूक सहज होते. शिवाय नवी कोल्हापुरी चप्पल हळूहळू पायाचा आकार घेते, तसं प्रथिनही रेणू आत आल्यावर थोडं हलतं. बरेच प्रोग्राम मात्र ते ताठ धरूनच हिशोब करतात. खाचेतलं पाणी बाहेर पडतं, त्याचा हिशोब तर आणखी अवघड. म्हणून काढ्यातल्या घटकाला उणे आठ-नऊ गुण मिळाले, एवढ्यावर ‘औषध सापडलं’ म्हणणं ही लोकांची फसवणूक आहे. गुण मिळालेला रेणू शुद्ध स्वरूपात बनवून पेशींवर तपासला का, एवढं विचारलं तरी बरेच दावे गळून पडतात.

मग संगणक हवाच कशाला? औषधासारख्या संभाव्य रेणूंची संख्या १ वर ६० शून्यं इतकी मानली जाते. सगळे कुणीच बनवू शकत नाही, कुठून सुरुवात करायची हे संगणक सुचवतो. सुचवलेला रेणू बनवता येईल का, हा प्रश्न पुन्हा संश्लेषणाचा, म्हणजे प्रयोगशाळेत रेणू घडवण्याचा. अंतिम रेणूपासून उलट दिशेने एकेक बंध तोडत सहज मिळणाऱ्या कच्च्या मालापर्यंत जायची पद्धत रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरी यांनी पक्की केली (नोबेल १९९०). त्यासाठी संगणकाचा वापर त्यांनी १९६० च्या दशकातच सुरू केला होता.

सगळं जुळूनही शरीर वेगळंच उत्तर देऊ शकतं. टीआरपीव्ही-१ बंद करून वेदना थांबवायची, या हेतूने एएमजी ५१७ हा रेणू बनवला. तो प्रथिनाला घट्ट धरत होता. पण माणसांवरच्या चाचणीत काहींचं तापमान ३९ अंशांच्या वर गेलं, कारण हेच प्रथिन शरीराचं तापमान राखण्यातही भाग घेतं. चाचणी थांबवावी लागली. हे प्रथिन आम्लानेही उघडतं. कॅप्सायसिनला अडवणारे पण आम्लाला न अडवणारे काही रेणू दिले, तेव्हा उंदरांमध्ये ताप चढला नाही. म्हणून आता नवा रेणू बनला की तो या दोन्ही कसोट्यांवर वेगवेगळा तपासतात.