पाऊण, दीड, सव्वादोन: संख्यामालिकेची पार्श्वभूमी

पाऊण, दीड, सव्वादोन, ?, पावणेचार. प्रश्नचिन्हाच्या जागी काय, हे सांगायला कोकणातल्या जुन्या खलाशाला कागद लागत नाही. प्रतिपदेला पाऊण वाजता पूर्ण भरती, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. मग चतुर्थीला तीन आणि अष्टमीला सहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाती येते. मराठी शाळांत एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. त्यातली पाऊणकी खाडीच्या तोंडाशी होडी लोटताना उपयोगी पडायची.

या हिशेबात एक खोच आहे. पाऊणकीने पौर्णिमेला सव्वाअकरा येतात आणि दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला, पुन्हा पाऊण. रोज 45 मिनिटं पुढे जाणारी माला त्या एका दिवशी दीड तासाची उडी घेते. समुद्र अशी उडी घेत नाही. पंधरा तिथींत भरतीची वेळ साधारण 12 तास सरकते, म्हणजे तिथीमागे 48 मिनिटं. तोंडी हिशेबाला सोपी म्हणून 45 धरली. रोजची तीन-तीन मिनिटं साचत गेली आणि पक्ष बदलताना सगळी एकदम वळती झाली. नियम कुठवर चालतो आणि कुठे तुटतो, हे ज्याला कळलं त्यालाच ती माला खरी कळली, असं मला वाटतं.

दोन शेजारच्या पदांतल्या या ठरावीक वाढीला आपल्याकडे जुना शब्द आहे: चय. पहिलं पद आदि किंवा मुख, पदांची संख्या गच्छ, आणि अशा मालेला श्रेढी. आर्यभटाने 499 च्या सुमारास श्रेढीच्या बेरजेची रीत दिली. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त तर श्रेढीचं स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि त्यातली काही उदाहरणं सरळसरळ हरवलेल्या पदाची आहेत. सात पदांची बेरीज 105, चय 3, तर मुख किती? उत्तर 6. दुसऱ्या उदाहरणात एक राजा पहिल्या दिवशी दोन योजनं चालतो, पुढे रोज सारखी वाढ करत सात दिवसांत 80 योजनं गाठतो. त्याची रोजची वाढ 22/7 योजनं निघते. चय पूर्णांकच असला पाहिजे, ही आपली सवय हे उदाहरण मोडून काढतं.

चयच बदलत असेल तर? आर्यभटाच्या ‘ज्या’च्या (आजच्या भाषेत साइनच्या) कोष्टकात पावणेचार अंशांच्या टप्प्याने वाढीचे आकडे येतात: 225, 224, 222, 219, 215. वाढ घटत जाते, आणि घटही सारखी राहत नाही. कोष्टकातल्या दोन नोंदींच्या मधली किंमत हवी असेल, तर नुसत्या सरळ हिशेबाने ती नीट मिळत नाही. ब्रह्मगुप्ताने 665 च्या ‘खंडखाद्यक’ या खगोलग्रंथाच्या पुरवणी भागात फरकांमधले फरक वापरून ती काढण्याची रीत सांगितली. फरकाची ओळ मांडा, तिच्याखाली पुन्हा फरकाची, असं आज मुलांना शिकवतात त्याचं मूळ इतकं जुनं आहे.

मात्र संख्यामालिकेचं परीक्षेतलं रूप बाहेरून आलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सैन्यभरतीसाठी बुद्धिमापन चाचण्या केल्या. त्यातल्या ‘आर्मी अल्फा’मध्ये संख्यामाला पूर्ण करण्याचा वेगळा भाग होता. तसल्या चाचण्यांचा साचा जगभर पसरला आणि आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता पेपरातही संख्यामालिका रुळली. घड्याळ लावून, चारातला एक पर्याय. इथे माझी हरकत आहे. 2, 4, 8 नंतर 16 लिहिणारं मूल दुप्पट करतं. 14 लिहिणारं फरक 2, 4, 6 असा वाढवतं. दोघांचेही नियम पक्के आहेत. आधी नियम विचारावा, मग पद.

आकड्यांकडे निव्वळ कुतूहलाने पाहणारा माणूसही याच किनाऱ्यावर, डहाणूत जन्मला: दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले आले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक 1927 मध्ये कापरेकरांना मिळालं. कापरेकर पुढे देवळालीला शाळामास्तर होते. 6174 ही त्यांची संख्या बहुतेकांना ठाऊक असते: सगळे सारखे नसलेले चार अंक घ्या, उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करत राहा, शेवटी तीच येते. मला त्यांची एक माला अधिक आवडते. संख्या घ्या, तिच्यातच तिच्या अंकांची बेरीज मिळवा, असंच पुढे जा: 23, 28, 38, 49, 62, 70. इथे फरक शोधत बसलात तर 5, 10, 11, 13, 8 असे विस्कटलेले आकडे मिळतात. नियम पदाच्या पोटात आहे.

या मालेत मागेही जाता येतं. 28 च्या मागे 23. पण 20 च्या मागे काहीच नाही. अंक मिळवून 20 देणारी संख्याच नाही. अशांना स्वयंभू संख्या म्हणतात. गणपतीपुळ्याच्या स्वयंभू गणपतीमुळे हा शब्द कोकणात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

कापरेकरांचं जन्मवर्ष 1905. त्याच्या मागे 1884, आणि 1884 स्वयंभू आहे. तिथून निघालेल्या मालेतलं एक पद गाळतो: 1884, 1905, 1920, 1932, ?, 1968.