चेहऱ्यावरचा हिरवा पट्टा: एका चित्रामागची पार्श्वभूमी

चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून आत्या परतली, तेव्हा तिचा अर्धा चेहरा गुलालानं माखला होता. डोक्यावर पदर, डोळ्यांखाली उन्हाची काळसर छटा आणि त्यावर तो गुलाबी, जवळजवळ जांभळ्याकडे झुकणारा रंग. तिला तसंच खुर्चीत बसवून मी कोळशानं स्केच केलं आणि पुढचे तीन आठवडे कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकमध्ये तिचं पोर्ट्रेट करत राहिलो. त्यात कपाळाच्या मधोमध सुरू होऊन नाकावरून हनुवटीपर्यंत उतरणारा एक हिरवा पट्टा आहे. घरी येणारा प्रत्येक जण तिथंच अडतो. "चेहरा हिरवा कशाला केलास?"

प्रश्न रास्त आहे. तो पट्टा मुळात माझा नव्हेच, फ्रेंच चित्रकार आंरी मातिस यांचा आहे.

१९०५च्या उन्हाळ्यात मातिस आणि त्यांचे तरुण मित्र आंद्रे देरां फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कोलियूर गावात राहिले. वस्तूचा खरा रंग कोणता, हा प्रश्नच बाजूला ठेवून त्यांनी तिथं चित्रं काढली. झाडाचं खोड लाल, वाळू गुलाबी, सावली निळी. त्या शरद ऋतूत पॅरिसच्या प्रदर्शनात ही चित्रं लागली, तेव्हा लुई व्होसेल या समीक्षकानं या मंडळींना 'फोव्ह', म्हणजे रानटी श्वापदं म्हटलं. नाव हिणवण्यासाठीच दिलं होतं, पण चळवळीला तेच कायमचं चिकटलं. त्याच वर्षी मातिस यांनी पत्नी आमेली यांचं एक छोटं तैलचित्र केलं. ते आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. निळसर काळे केस, चेहऱ्याची एक बाजू पिवळसर, दुसरी गुलाबी आणि मध्ये तो हिरवा पट्टा.

मी हे चित्र फक्त छापील पानावर आणि पडद्यावर पाहिलं आहे. तरी वर्षानुवर्षं ते पाहत आलो आणि फार उशिरा लक्षात आलं, की तो पट्टा वाटेल तिथं ओढलेला नाही. चेहऱ्यावर उजेड संपून सावली सुरू होते, नेमक्या त्या सीमेवर तो आहे. आपण तिथं तपकिरी किंवा राखाडी छटा लावतो, मातिस यांनी हिरवी लावली. रंग बदलला, पण त्याचा उजळ-गडदपणा, ज्याला आपण वर्गात टोन म्हणतो, तो जागेवर ठेवला. मोबाईलवर हे चित्र कृष्णधवल करून पाहा. पट्टा नाकाच्या सावलीसारखा बसतो आणि चेहरा चेहराच राहतो.

इथं मला कोल्हापूर आठवतं. या गावाला कलापूर म्हणतात ते उगाच नाही. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून परतले, शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले आणि कोटितीर्थ तलावाच्या परिसराची निसर्गचित्रं रंगवत राहिले. चित्रकार एम. व्ही. धुरंधर इथलेच, जन्म १८६७चा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ. दोघांनी कलाशाळेत न जाता, घरातल्या कारागिरीतून आणि दुसऱ्यांचं काम निरखून हात तयार केला. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२०मध्ये 'सैरंध्री' आणला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवली. या सगळ्यांची मातृभाषा म्हणावी ती वास्तववादाची: शरीराची ठेवण, उजेडाची दिशा, कापडाची घडी.

त्यामुळे भडक रंगांच्या फिगरकडे, म्हणजे माणसाच्या चित्राकडे, आपल्याकडे अजूनही परक्या पाहुण्यासारखं बघितलं जातं. ज्याला ड्रॉइंग जमत नाही तो रंग ओततो, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. मला हे पटत नाही, आणि कारण त्या पट्ट्यातच आहे. टोन चुकला की असा पट्टा जखमेसारखा दिसतो. तो बरोबर बसवायला कोळशानं केलेल्या शंभर हेड स्टडी, म्हणजे चेहऱ्याची सरावचित्रं, लागतात. आपल्या गावानं तीच शिस्त पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. वास्तववादी तालीम या रंगांच्या आड येत नाही, ती त्यांच्या पायाशी आहे.

दुसरा आक्षेप नकलेचा. त्यावर मला व्हॅन गॉग यांचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. १८८९-९०मध्ये सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना त्यांनी फ्रेंच चित्रकार मिले यांच्या शेतकरी-मजुरांच्या चित्रांवरून वीसेक चित्रं केली. समोर होते ते फक्त कृष्णधवल छापे. आकृती मिले यांची, रंग सगळा स्वतःचा. भाऊ थिओला पत्रात त्यांनी याची तुलना बेथोवेनची रचना वाजवणाऱ्या वादकाशी केली. आपल्याला हे समजायला बेथोवेन लागत नाही. बंदिश गुरूची असते, मैफल गाणाऱ्याची. अमृता शेरगिल यांचंही तसंच: पॅरिसमध्ये शिकल्या, फ्रेंच चित्रकार गोगँ यांचा ठसा घेऊन परतल्या, पण १९३६मध्ये अजिंठा पाहिल्यावर आणि दक्षिणेत फिरल्यावर १९३७ साली त्यांनी जी तीन मोठी चित्रं केली, त्यातली माणसं इथल्या मातीची आहेत.

मातिस यांच्या हातात तैलरंग होते, माझ्या हातात अ‍ॅक्रिलिक. ते त्यांच्या तरुणपणी नव्हतंच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योम यांनी १९०१ साली अ‍ॅक्रिलिक संयुगांवर प्रबंध लिहिला, पण त्यातून आधी काचेसारखं प्लास्टिक आलं. चित्रकारांसाठीचे पहिले अ‍ॅक्रिलिक रंग १९४०च्या दशकात निघाले, तेही टर्पेंटाइनमध्ये विरघळणारे. पाण्यात कालवता येणारे रंग अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आले. रंगद्रव्यंही नवी होती. थॅलो निळा १९३५चा, क्विनाक्रिडोन गुलाबी १९५८चा. मातिस यांच्या १९०५च्या पॅलेटवर यातला एकही रंग असणं शक्य नव्हतं.

हा क्विनाक्रिडोन गुलाबी माझ्या कामाचा ठरला. जोतिबाचा गुलाल दुसऱ्या कशानंच जुळेना. लाल घ्यावा तर कुंकू दिसतं, लालात पांढरा मिसळावा तर ते मिठाईच्या डब्यासारखं गोड होतं. क्विनाक्रिडोन पातळ करून पांढऱ्या जेसोवर, म्हणजे कॅनव्हासला आधी दिलेल्या अस्तरावर, एकच हात दिला आणि डोंगरावरचा तो रंग समोर आला. आत्या चित्रापुढं उभी राहून एवढंच म्हणाली, "गुलाल मातूर खरा आलाय बघ." पट्ट्याबद्दल तिनं विचारलंच नाही.

पट्टा मात्र मला तीनदा करावा लागला. अ‍ॅक्रिलिकमध्ये प्लास्टिकचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. ओलेपणी ते दुधाळ दिसतात, पाणी उडालं की एकमेकांत मिसळून पारदर्शक होतात. म्हणून रंग वाळला की थोडा गडद होतो. पहिल्या दिवशी मी ओला रंग बघून टोन ठरवला आणि सकाळी आत्याच्या नाकावर काळपट खाच दिसली. दुसऱ्यांदा भीतीनं पांढरा जास्त घातला, तर पट्टा चेहऱ्याच्या पुढं येऊन तरंगायला लागला. त्यात चैत्रातलं ऊन. खिडकीशेजारी ठेवलेल्या प्लेटमधला रंग पाच मिनिटांत साय धरायचा. शेवटी प्लेटवर ओला टिश्यू अंथरला, हिरव्याचे पाच नमुने कागदाच्या पट्टीवर लावून वाळू दिले आणि ती पट्टी चेहऱ्याला लावून पाहिली. चौथा नमुना सावलीत बसला.