मालकच नाही तर पीएफ कोण भरणार? मुंबईत हा प्रश्न जुनाच आहे

दादर, लोअर परळ, अंधेरी, कुठल्याही चालू हॉटेलबाहेर रात्री आठला बघा, बाईक आडव्यातिडव्या लावून डिलिव्हरीवाली पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून ऑर्डरची वाट बघत असतात. कंपनी म्हणते हे आमचे नोकर नाहीत, हॉटेलवाल्याचा तर संबंधच नाही आणि गिऱ्हाईक दार उघडून पार्सल घेतं आणि मोकळं होतं. मग अ‍ॅक्सिडेंट झाला तर दवाखान्याचं बिल कोणी भरायचं? नीती आयोगाने २०२२ च्या रिपोर्टमध्ये अशा गिग कामगारांचा (पक्की नोकरी नाही, कामागणिक पैसे मिळतात अशा लोकांचा) आकडा २०२०-२१ साठी ७७ लाख धरला होता आणि २०२९-३० पर्यंत तो २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज दिला, तेव्हापासून चर्चा अशी चाललीय जणू काही हे संकट आभाळातून पडलंय. अ‍ॅप नवीन आहे, मान्य. पण ज्याचा मालक कोण हे सांगता येत नाही असा कामगार या शहरात पहिल्यापासून आहे आणि त्याच्यासाठी इथल्याच लोकांनी डोकं लढवून काही व्यवस्था उभ्या केल्यात, त्या माहीत नसतील तर आजचे कायदे पण नीट कळत नाहीत.

सुरुवात गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडेंपासून करावी लागते. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. आजच्या हिशोबाने ती युनियनसुद्धा नव्हती, कारण सभासदांची यादी नाही, वर्गणी नाही, नियमांचं पुस्तक नाही. तरी मोठमोठ्या सभा, सह्यांचे अर्ज आणि ‘दीनबंधु’ या वर्तमानपत्रातलं लिखाण या जोरावर १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, जी आज आपण सगळे जन्मसिद्ध हक्क असल्यासारखी घेतो.

गिरणी म्हटलं की आपल्याला भोंगा, बोनस आणि परमनंट नोकरी आठवते, पण सुरुवातीला माणूस गिरणी ठेवत नव्हती, जॉबर ठेवायचा. जॉबर बऱ्याचदा गावाकडचाच, तोच कामाला लावणार, तोच खोलीत वळकटी टाकायला जागा बघून देणार, अडीनडीला उसने पैसे देणार आणि वर दस्तुरी, म्हणजे काम दिल्याचं कमिशन, पण तोच खाणार. ज्यांची नोकरी कायम नाही ते बदलीवाले, रोज सकाळी गेटवर उभे, कोणी खाडा केला असेल तर आत, नाहीतर परत घरी. १९३५ मध्ये गिरणी मालकांच्या संघटनेने बदली कार्डाची पद्धत आणली, म्हणजे ठराविक लोकांनाच कार्ड द्यायचं, त्यांनी रोज गेटवर हजेरी लावायची आणि जागा रिकामी झाली की त्यांच्यातूनच माणूस घ्यायचा. जॉबरची मनमानी मोडायला म्हणून काढलेली ही युक्ती. ती थोडीफार लागूही पडली, पण काम मिळो न मिळो रोज हजर राहायचं हे ओझं कामगाराच्याच डोक्यावर राहिलं. आजची पोरं लॉगिन करून ताटकळतात ते याहून फार वेगळं नाही असं माझं मत.

हा तिढा पहिल्यांदा थोडा सुटला तो गोदीत. जहाज लागलं तर काम, नाहीतर दिवस फुकट. १९४८ ला गोदी कामगारांचा कायदा आला, मग मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं, त्यात कामगारांची एकत्र नोंदणी, पाळीपाळीने काम आणि हजर राहूनही काम मिळालं नाही त्या दिवसाचा हजेरी भत्ता. म्हणजे थांबण्याला पण किंमत असते हे सरकारी कागदावर आलं!

पण खरी कमाल पुढे मशीद बंदरला झाली. धान्य, किराणा, मसाले, लोखंड, कापूस, सगळा माल माथ्यावर आणि पाठीवर वाहणारे हमाल, बरेचसे सातारा, पुणे, नगर भागातले, पाठीवर गोणी, हातात गोणी ओढायचा लोखंडी आकडा. एक टोळी सकाळी एका पेढीचा ट्रक खाली करणार, दुपारी दुसऱ्या पेढीत थप्पी लावणार, संध्याकाळी तिसरीकडे. व्यापारी म्हणायचा हे माझे नोकर नाहीत, टोळीवाल्याचे आहेत, टोळीवाला म्हणायचा मी पण हमालच आहे. दोघंही तसे खरं बोलत होते म्हणा. आणि त्यामुळेच कारखान्यांसाठी केलेला एकही कायदा या लोकांना धड लागू होत नव्हता. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांनी या लोकांची संघटना बांधली, संप, मोर्चे सगळं झालं आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ चा माथाडी कायदा आला. असंघटित कामगारांसाठी असा कायदा देशात पहिलाच.

या कायद्याने ‘मालक कोण’ हे भांडण मिटवलंच नाही, सरळ बाजूला ठेवलं. माल ज्याचा त्याने बोर्डात नोंदणी करायची, कामगाराने पण करायची. किती गोणी उतरल्या त्याप्रमाणे मजुरी आणि मजुरीवर ठराविक टक्के लेव्ही व्यापाऱ्याने बोर्डात भरायची. बोर्ड टोळीच्या हिशोबाने पगार वाटणार आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, बोनस, औषधपाणी बघणार. बोर्डावर व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि सरकारची माणसं. किराण्याचं बोर्ड वेगळं, लोखंडाचं वेगळं. म्हणजे हक्क माणसाला चिकटले, पेढीला नाही, त्यामुळे दिवसात दहा पेढ्या बदलल्या तरी खातं एकच. वीस धनी असलेल्या माणसाला पीएफ कसा द्यायचा हे गणित कुठल्या मॅनेजमेंटच्या कॉलेजात सुटलं नाही, गोण्यांच्या थप्प्यांमध्ये सुटलं. पुढे बाजार वाशी-तुर्भ्याला गेले आणि कोपरखैरणे, घणसोलीला माथाडींची घरं झाली.

सगळं गोड गोड नाही. ट्रान्सपोर्टवाल्यांची वाराईबद्दलची, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीबद्दलची तक्रार कायम आहे आणि माथाडीच्या नावाखाली बोगस टोळ्या घुसवून वसुली करणारे लोक कारखानदारांना आणि खऱ्या माथाड्यांना, दोघांनाही नको झालेत. नियम राबवायला माणसं नसली की असंच होणार. तरी ही कल्पना टिकली, १९८१ ला खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी पण तसाच कायदा झाला. घरकामवाल्या बायकांसाठी २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा आला खरा, पण दर घरातून महिन्याला लेव्ही जमा होतेय असं काही घडलं नाही, आणि पैशाचा झराच नाही म्हटल्यावर मंडळ कागदावर राहणार यात नवल काय.

दुसरी वाट बायकांनी काढली. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना घरून डबा, जेवण देणाऱ्या खाणावळवाल्या होत्या, पैसे पगाराला मिळणार, तोवर वाणसामान उधारीवर, नाहीतर सावकार. संप झाला की जेवणारे पैसे देऊ शकत नाहीत, पण म्हणून ताट कोणी बंद करत नव्हतं. युनियनच्या कामात असलेल्या प्रेमा पुरव यांच्या हे नजरेत आलं आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन काही वर्षं झालेली, गट करून, एकमेकींची हमी घेऊन राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवलं. बांगलादेशात ग्रामीण बँकेचा प्रयोग सुरू झाला १९७६ ला, म्हणजे आपल्या खाणावळवाल्या एक वर्ष पुढेच. त्याच्याही आधी, १९५९ ला, गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. सकाळी मळलेलं पीठ घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची, लाटणारी प्रत्येक जण भागीदार, बाहेरचा शेठ नाही. जेवढं लाटाल तेवढेच पैसे हे खरंय, पण निदान नफा घरातच राहतो. डबेवाल्यांचं पण थोडं असंच आहे, १८९० पासून. त्यांच्यावर इतकं लिहून झालंय की मी आवरतो.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. मुंबईत नोकरी करणाऱ्याच्या सॅलरी स्लिपवर पीटी म्हणून २०० रुपये कापलेले दिसतात ना, तो व्यवसाय कर १९७५ ला आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. वि. स. पागे यांची मूळ कल्पना, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ चा कायदा १९७९ पासून लागू झाला आणि २००५ चा केंद्राचा कायदा त्याच धर्तीवर झाला. म्हणजे फोर्टातल्या कारकुनाच्या पगारातून माणदेशातल्या मजुराला काम. आज अशी कल्पना कोणी मांडली तर सोशल मीडियावर काय कालवा होईल!

आता परत अ‍ॅपवाल्यांकडे येऊ. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार पहिल्यांदा कायद्यात आले, कंपनीने उलाढालीच्या १ ते २ टक्के त्यांच्या सामाजिक सुरक्षेच्या निधीत द्यायचे, आणि ही संहिता लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. त्याआधी राजस्थानने २०२३ ला आणि कर्नाटकने २०२५ ला स्वतःचे कायदे केले, बोर्ड, नोंदणी आणि दर व्यवहारामागे फी. वाचताना सारखा माथाडी कायदाच आठवतो. उलट इथे काम सोपंय, किती गोण्या उतरल्या हे तपासायला इन्स्पेक्टर पाठवावा लागायचा, इथे प्रत्येक ऑर्डर सर्व्हरवर आधीच नोंदलेली आहे. अवघड भाग वेगळाच आहे. माथाडीच्या टोळीत दिवसभरात किती माल उतरला हे दहाही जणांना तोंडपाठ असायचं, बोर्डात त्यावरून भांडता यायचं. अ‍ॅपवाल्या पोराला स्वतःचाच रेट आज का कमी झाला ते कळत नाही, बाजूच्याचा तर लांबच, आणि त्यांचे प्रतिनिधी बोर्डावर बसले तरी हिशोबाची वही कंपनीच्याच हातात असणार, ती दाखवायला लावायची सोय नियमांत किती कडक होते यावर पुढचं सगळं ठरेल.