द्राक्षवेलीच्या पत्रिकेतलं तेरावं घर

फेब्रुवारीत मार्केट यार्डात जुन्नर-नारायणगावकडची काळी द्राक्षं येऊ लागतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात द्राक्ष ही अस्सल बेरी. वांगं, टोमॅटोही बेरीच. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मात्र नव्हे!

बागेत वेलीच्या बुडाशी कलमाची गाठ दिसते. वर थॉमसनसारखं खायचं वाण, खाली बहुतेकदा डॉगरिजचा खुंट, रानटी अमेरिकी द्राक्षाच्या कुळातला. आपल्याकडे तो खारं पाणी आणि पाण्याची ओढ सोसतो म्हणून रुजला. युरोपने अमेरिकी खुंट घेतले ते एका किडीपायी. 1860च्या दशकात फिलॉक्सेरा ही माव्याच्या नात्यातली बारीकशी कीड अमेरिकेतून फ्रान्सात पोचली. ती मुळांतला रस शोषते, मुळांवर गाठी येतात, मग मुळं कुजतात. अमेरिकेतल्या रानवेली तिच्यासोबतच वाढलेल्या, त्यामुळे त्यांना ती फारशी बाधत नव्हती.

पण त्या वेलींत नेमकं असतं काय, आणि कुठे? द्राक्षाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 19 जोड्या. जनुक शोधायचा तर कीड सोसणारी आणि कीड लागणारी अशा दोन वेलींचा संकर करतात, शे-दीडशे रोपं वाढवतात, प्रत्येकावर कीड सोडून बघतात. सोबत प्रत्येकाच्या डीएनएवरच्या ठरावीक खुणाही वाचतात.

पुढचं समजायला पालखी आठवा. हडपसरच्या गर्दीत दिंडी मध्येच तुटली, तर पुढचे पताकावाले आणि मागचा विणेकरी यांची ताटातूट होणारच. खांद्याला खांदा लावून चालणारे दोघे मात्र सहसा सुटत नाहीत. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रंही अशीच तुटतात, आपसांत तुकडे बदलतात. जी खूण जवळजवळ दर वेळी प्रतिकाराच्या सोबत उतरते, तिच्या शेजारीच तो जनुक असणार. जनुकांचा नकाशा म्हणतात तो हाच. बोर्नर या जर्मन खुंटातला फिलॉक्सेराला रोखणारा जनुक 2009 साली असाच 13व्या गुणसूत्रावर सापडला.

आता रोप दोन पानांचं असतानाच पानाचा तुकडा तपासला की निवड होते. वेळ वाचतो, हे खरंच. पण माझ्या मते नकाशाची खरी किंमत रास्पबेरीत कळते. ब्रिटनमध्ये तिथल्या माव्याला दाद न देणारी वाणं लावली, आणि एकाच जनुकावर भिस्त ठेवलेल्या त्या वाणांवर काही दशकांत मावा पुन्हा चढला. नवा जनुक आणला, त्यालाही पुरून उरणारे मावे निघाले. म्हणून दोन-तीन जनुक एकाच झाडात बसवायचे. अडचण अशी, की एक जनुक असलेलं झाड आणि दोन असलेलं झाड, दोन्ही सारखीच स्वच्छ दिसतात. मावा सोडूनही फरक कळत नाही. तो फक्त खुणा सांगतात.

पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी कॅटाबा आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून बुरशीजन्य रोगांना तोंड देणारं एआरआय-516 हे वाण काढलं. पुण्याजवळच्या मांजरी गावात राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. असा संकर करणाऱ्या कुणाचीही एक डोकेदुखी ठरलेली: रानवेलीचा हवासा जनुक एकटा येत नाही, दिंडीतले शेजारीही ओढून आणतो. त्यात आंबटपणा असू शकतो, बिया, नाहीतर बारीक मणी. मग पुन्हा गोड वाणाशी संकर, पुन्हा शेकडो रोपं, आणि त्यांतलं एखादं असं शोधायचं, की ज्यात जनुक आला पण शेजारी मागेच राहिला.