संमतीपत्रकातला ‘हजारात एक’

हृदयाच्या धमन्यांत नळीतून डाय (एक्स-रेवर दिसणारे द्रव्य) सोडून अडथळे शोधणाऱ्या अँजिओग्राफीच्या आधी जे संमतीपत्रक पुढे येते, त्यात मृत्यू, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात हे तीन शब्द शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि ते वाचून सही करणाऱ्याचा हात थबकला तर नवल नाही. भीती खोटी नसली तरी तिचे माप मात्र बहुधा चुकते. केवळ तपासणीसाठी केलेल्या अँजिओग्राफीत मृत्यूचे प्रमाण साधारणपणे हजारात एक किंवा त्याहूनही कमी आढळते. पक्षाघाताचे प्रमाणही त्याच्याच आसपास असते.

या तपासणीचा जन्मच एका अपघातातून झाला. १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स महाधमनीत डाय सोडण्याच्या तयारीत असताना नळीचे टोक उजव्या हृदयधमनीत सरकले आणि सुमारे ३० मिलीलीटर डाय थेट तिच्यात गेला. हृदय काही क्षण थांबले. रुग्णाला जोराने खोकायला लावल्यावर ते पुन्हा चालू झाले. आज त्या धमनीत एका वेळी काही मिलीलीटरच डाय सोडतात, आणि तोही ठोक्यांच्या आलेखावर नजर ठेवून.

प्रत्यक्षात त्रास अधिक वेळा होतो तो हृदयापाशी नव्हे, सुई टोचून नळी आत घातलेल्या जागी, म्हणजे जांघेत किंवा मनगटात. जांघेतील धमनी खोल असल्याने तिथला रक्तस्राव चटकन लक्षात येत नाही. मनगटातील धमनी मात्र हाडावर असते, बोटाने दाबता येते, शिवाय हाताला रक्त पुरवणारी दुसरी धमनी असतेच. ‘हातातून करणार की पायातून?’ हा नातेवाइकांचा प्रश्न म्हणूनच अगदी योग्य आहे.

मात्र ‘हजारात एक’ ही सरासरी आहे, आणि त्या हजारांत सगळे सारखे नसतात. मूत्रपिंडे आधीच दुबळी झालेल्या मधुमेही रुग्णाला डायचा धोका अधिक असतो, म्हणून मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन आधी तपासतात, कमीत कमी डाय वापरतात आणि गरजेनुसार सलाईन लावतात. महाधमनीच्या भिंतीवर चरबीचे थर साचले असतील, तर नळी घासून निघालेला एखादा कण मेंदूकडे जाऊ शकतो. पूर्वी डायची ॲलर्जी झाली असेल, तर ते न विचारताही सांगावे.

आणखी एक गोष्ट सहीच्या घाईत राहून जाते. अडथळा दिसला तर त्याच बैठकीत अँजिओप्लास्टीही (अरुंद धमनी फुग्याने रुंद करणे) करण्याची संमती पुष्कळदा याच कागदात असते, आणि तिचा धोका निराळा, तपासणीपेक्षा जास्त असतो. तो आकडा डॉक्टरांना वेगळा विचारावा लागतो.