समुद्र गढूळ झालाय की बहरलाय?

किनाऱ्यालगतचं पाणी हिरवट-तांबूस दिसलं की ‘समुद्र घाण झालाय’ म्हणून आपण मोकळे होतो. पण या रंगामागे नुसती माती असू शकते किंवा कोट्यवधी जीवही. लांबून दोन्ही सारखेच भासतात.

खोल, नितळ समुद्र निळा, कारण प्रकाशातला लाल भाग पाणी आधी शोषून घेतं. जून-जुलैत सावित्री, वाशिष्ठीसारख्या नद्या सह्याद्रीची तांबडी माती खाडीतून बाहेर लोटतात, शिवाय लाटा तळ ढवळतात. मातीतली लोहाची ऑक्साइडं निळा प्रकाश गिळतात, म्हणून पाणी तांबूस. खाडीच्या मुखाशी हा रंग दाट असतो आणि बाहेर जाऊ तसा फिका होतो.

प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, बहर नदीवरच अवलंबून नसतो. अन्नद्रव्यं खालून वर आली की सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात. त्यांच्यातलं हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश खातं, उरतो हिरवा. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय प्लवकाचा हिरवा बहर येतो. हा जीव खरं तर स्वतः हिरवा नाही. त्याच्या पोटात राहणारी शैवालं हिरवी! रात्री पाणी ढवळलं की हाच नॉक्टिल्युका निळा चमकतो. माती अर्थातच चमकत नाही.

दिवसा ओळखायचं तर काचेच्या ग्लासात पाणी भरून ठेवावं. माती हळूहळू तळाशी बसते. नॉक्टिल्युका टाचणीच्या डोक्याहून बारीक गोळ्यांसारखा वर तरंगतो, कारण त्याच्या पेशीतला अमोनियमयुक्त द्रव समुद्राच्या पाण्यापेक्षा हलका असतो. डायटमसारखे प्लवक मात्र नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. तिथे सूक्ष्मदर्शकच हवा.

बहर वाईटच, असंही नाही. मासळीची सगळी साखळी प्लवकांवर उभी आहे. पण हा बहर मरून कुजला की पाण्यातला प्राणवायू घटतो, तेव्हा मासे मरतात.

ही गल्लत उपग्रहांचीही होते. 1999 साली अवकाशात गेलेल्या ओशनसॅट-1 या भारतीय उपग्रहावर समुद्राचा रंग टिपणारं खास उपकरण होतं. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था मासळी कुठे मिळेल हे सांगताना उपग्रहांनी मोजलेलं हरितद्रव्य आणि पाण्याचं तापमान बघते. खुल्या समुद्रासाठी बेतलेली सूत्रं किनाऱ्याजवळ मातीलाच हरितद्रव्य समजू शकतात. त्यामुळे खाडीच्या तोंडाशी आकडे अचानक चढले, तर आधी वर घाटात पाऊस किती झाला ते बघावं.